अमेरिकेच्या इतिहासातला धर्म: लिहिताना, शिकवताना या चुका टाळा

अमेरिकेवरची चर्चा धर्मापाशी आली की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'तिथे धर्म आणि सरकार वेगळं ठेवलंय, म्हणून देश पुढे गेला.' दुसरं, 'कसलं वेगळं? डॉलरच्या नोटेवर देवाचं नाव आहे, राष्ट्राध्यक्ष बायबलवर हात ठेवून शपथ घेतो.' पुरावा दोघांकडेही असतो, त्यामुळे वाद मिटत नाही. खरी अडचण अशी की सरकार लांब राहिलं की धर्माचा जोर ओसरतो, हे दोघंही धरून चालतात. अमेरिकेत घडलं ते उलट. सरकारने लांब राहावं ही मागणीच मुळात कट्टर भाविकांनी लावून धरली होती, आणि ती मान्य झाल्यावर चर्चं ओस पडली नाहीत, उलट वाढली.

'यात्रेकरू धर्मस्वातंत्र्यासाठी आले' असं सरसकट लिहू नका

1620 साली मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला उतरलेले लोक (यांनाच 'यात्रेकरू' म्हणतात) आणि 1630 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये मोठ्या संख्येने आलेले प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची कडक शुद्धी मागणारे प्रोटेस्टंट, इंग्लंडमधल्या जाचाला कंटाळले होते, हे खरं. पण त्यांना हवं होतं ते स्वतःच्या रीतीने उपासना करण्याचं स्वातंत्र्य. शेजाऱ्याची वेगळी रीत त्यांना खपत नसे. सरकारने माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये, असं म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सना त्यांनी हद्दपार केलं. विल्यम्सनी 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. मेरी डायर या क्वेकर (पाद्री न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या) बाई बंदी मोडून बॉस्टनला परत आल्या, म्हणून 1660 मध्ये त्यांना तिथेच फाशी दिली.

वाक्य दुरुस्त करायचं तर वसाहतीचं नाव घाला. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांचा अंमल होता, व्हर्जिनियात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं अधिकृत चर्च सरकारी होतं, पेनसिल्व्हेनियात क्वेकर विल्यम पेन यांचं धोरण बरंच उदार होतं. मेरीलँडचा 1649 चा सहिष्णुतेचा कायदा फक्त ख्रिस्ती लोकांपुरता होता. 'वसाहतींच्या काळात अमेरिकेत...' अशी सुरुवात केली की पुढचं वाक्य चुकलंच म्हणून समजा.

धर्म आणि सरकार यांच्यातली भिंत नास्तिकांनी बांधली, ही समजूत

ही सगळ्यांत पसरलेली आणि सगळ्यांत नुकसान करणारी चूक आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन चमत्कारांवर विश्वास ठेवत नव्हते, हे बरोबर आहे. पण एकट्या जेफरसनच्या विचारांवर व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला नसता. त्यांनी मसुदा केला 1777 मध्ये, तो मंजूर झाला 1786 मध्ये. मधल्या काळात रेटा लावला तो बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन या सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांच्या लोकांनी, विधिमंडळाकडे अर्जांवर अर्ज पाठवून. बाप्टिस्टांचं कारण अगदी रोजच्या जगण्यातलं होतं. सरकारी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून त्यांच्या पाद्र्यांना व्हर्जिनियात तुरुंगात टाकत. शेजारच्या परगण्यात पाच-सहा जण केवळ आपले धार्मिक विचार मांडल्याबद्दल तुरुंगात आहेत, असं तरुण जेम्स मॅडिसननी 1774 मध्ये मित्राला संतापून लिहिलं होतं. पुढे संविधानातली पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे सरकारने कोणताच धर्म सरकारी करू नये आणि कोणाच्या उपासनेच्या आड येऊ नये असं सांगणारी तरतूद, मांडणारे हेच मॅडिसन.

'भिंत' हा शब्द ज्या पत्रामुळे गाजला, त्या पत्राची हकिकत मुळातून सांगण्यासारखी आहे. कनेटिकट राज्यात काँग्रिगेशनल चर्च सरकारमान्य होतं आणि त्याच्यासाठी कर घेतला जाई. बाप्टिस्टांना त्यातून सूट मिळायची, पण त्यासाठी दाखला सादर करावा लागे. तिथल्या डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांनी तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफरसनना लिहिलं की आम्हाला जे मिळतं ते हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून मिळतं. 1 जानेवारी 1802 रोजी जेफरसननी त्यांना उत्तर लिहिलं, आणि त्यात चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख केला.

त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी एक प्रचंड चीज येऊन पोहोचलं. वजन 1,235 पौंड, म्हणजे साधारण 560 किलो. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावच्या बाप्टिस्टांनी गावातल्या गाईंच्या दुधाचं बनवलेलं. ते घेऊन आले होते जॉन लेलंड, हाडाचे बाप्टिस्ट पाद्री आणि सरकारी चर्चचे कडवे विरोधक. दोन दिवसांनी, रविवारी, याच लेलंड यांनी संसदेतल्या प्रतिनिधीगृहाच्या सभागृहात प्रवचन केलं आणि ऐकायला जेफरसन हजर होते. भिंतीचं पत्र शुक्रवारी आणि संसदेत प्रवचन रविवारी! आज आपल्याला यात विसंगती दिसते, त्यांना दिसली नाही. राष्ट्राध्यक्षांनी प्रवचन ऐकण्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती चर्चसाठी कर घेण्याला, परवान्याला आणि तुरुंगाला.

इथेच आणखी एक तपशील निसटतो. 1791 ची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त केंद्र सरकारला लागू होती. कनेटिकटमधलं सरकारी चर्च 1818 पर्यंत टिकलं, मॅसॅच्युसेट्समधलं 1833 पर्यंत. राज्यांनीही कोणताच धर्म सरकारी करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1947 मध्ये एव्हरसन खटल्यात सांगितलं. सरकारी शाळांतली सरकारपुरस्कृत प्रार्थना त्यानंतर, 1962 च्या निकालाने बंद झाली. त्यामुळे एखादी घटना आणि कायदा जुळत नसतील तर आधी दोन गोष्टी तपासा: साल कोणतं, आणि राज्य कोणतं. बहुतेक गोंधळ तिथेच निस्तरतो.

नोटेवरचं वाक्य संस्थापकांनी घातलं, असं समजणं

नाही. 'आमचा देवावर विश्वास आहे' हे वाक्य नाण्यावर आलं 1864 मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत. ते राष्ट्रीय ब्रीद झालं 1956 मध्ये आणि त्यानंतर कागदी नोटेवर आलं. राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचं नाव घातलं 1954 मध्ये, सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू असताना. बायबलवरची शपथ ही निव्वळ प्रथा आहे. पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असं संविधानाच्या सहाव्या कलमातच आहे. 2007 मध्ये काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी शपथेच्या समारंभात कुराण वापरलं, आणि ती प्रत जेफरसन यांच्या संग्रहातली होती.

चर्च गुलामगिरीच्या एकाच बाजूला होतं, असं धरून चालणं

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते खरोखर होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी बायबल हातात घेऊनच गुलामांच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचलं. पण तेच बायबल उघडून गुलामगिरी देवाला मान्य आहे असं सांगणारे पाद्रीही तितकेच खरे. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही, या वादातून 1845 मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांनी काढलेली संघटना आज देशातली सर्वांत मोठी प्रोटेस्टंट संघटना आहे. तिने गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती 1995 मध्ये. लिंकन यांनी मार्च 1865 मधल्या भाषणात हे दुखणं नेमकं सांगितलं: दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात.

आणि या दोन बाजूंच्या पलीकडे तिसरी गोष्ट आहे, जी मराठी लेखांतून बहुतेकदा गळते. कृष्णवर्णीयांनी स्वतःचं चर्च उभं केलं. रिचर्ड ॲलन जन्माने गुलाम होते. फिलाडेल्फियाच्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या भाविकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला लागले, तेव्हा ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. 1794 मध्ये त्यांनी बेथेल चर्च काढलं आणि 1816 मध्ये स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथ स्थापन केला. मतदान नाही, शाळा नाही, जमीन नाही, अशा काळात स्वतःच्या मालकीची, स्वतःच्या नेत्यांची जागा म्हणजे हे चर्च. म्हणूनच 5 डिसेंबर 1955 रोजी माँटगोमेरीच्या बसबहिष्काराची (बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बहिष्काराची) पहिली मोठी सभा होल्ट स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये भरली, आणि म्हणूनच 15 सप्टेंबर 1963 च्या रविवारी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वंशद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला तोही चर्चमध्येच. चार मुली त्यात गेल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना नुसते 'नागरी हक्कांचे नेते' म्हणून शिकवलं तर ही सगळी वाट पुसली जाते. ते आधी पाद्री होते.

आपल्या चष्म्यातून बघणं

शिर्डी संस्थानाचे विश्वस्त राज्य सरकार नेमतं, आषाढीला पंढरपुरात शासकीय महापूजा होते. हे डोक्यात असल्यामुळे अमेरिकेतही चर्चला वरून पैसा आणि माणसं येत असतील, असं आपण नकळत समजतो. अमेरिकेतून महाराष्ट्रात धर्मप्रसारासाठी आलेल्या अमेरिकन मराठी मिशनबद्दल लिहितानाही हा घोटाळा होतो. 1813 मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट अमेरिकन सरकारने पाठवलेले नव्हते. उलट कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. त्यांच्यामागे होती एक खासगी संस्था आणि न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या) भाविकांची वर्गणी. पुढे अहमदनगरला याच मिशनने 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं.

आज न्यू जर्सीतलं किंवा टेक्सासमधलं हिंदू देऊळही त्याच पद्धतीने चालतं. ना नफा संस्था म्हणून नोंदणी होते, देणग्यांवर खर्च भागतो, आणि रविवारी मुलांचे वर्ग भरतात, जे प्रोटेस्टंट चर्चमधल्या रविवारच्या शाळांवरून आलेले आहेत. पुजारी कोणाला नेमायचं हे ते देऊळ चालवणारी मंडळीच ठरवतात. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होसान्ना-टेबर खटल्यात एकमताने सांगितलं की धर्मसंस्थेने आपले धर्मोपदेशक कोण निवडावेत यात सरकारने पडायचं नाही, अगदी नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्याचा आधार घेऊनसुद्धा नाही. खटला एका ल्यूथरन शाळेचा होता, पण तत्त्व मशीद, गुरुद्वारा आणि देऊळ यांनाही तसंच लागू पडतं.