चांगलं काय चालतं, हे विचारायला बसण्याआधी

पुढच्या आठवड्यात आमचे सहा सुपरवायझर स्वतःचा विभाग सोडून दुसऱ्या विभागातल्या कामगारांशी बोलायला बसणार आहेत. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमची पॅकिंगची नवी लाइन उभी राहतेय. तिच्यावर काम कसं बसवायचं ते ठरवण्याआधी जुन्या लाइनवर काय चांगलं चालतं, ते कामगारांच्या तोंडून ऐकायचं ठरलंय. त्या सहा जणांसाठी ही यादी. आकडे घालूनच लिहिणार होते, पण आमच्याकडे आकडे दिसले की लोक वाचायचं सोडून टिक करत सुटतात.

आधी दिवस बघून घ्या. गणेश चवथीच्या आधीचा आठवडा नको, कारण तेव्हा रजा मंजूर झाली की नाही यापलीकडे कुणाचं डोकं चालत नाही. बोनसची बोलणी चालू असतील ते दिवसही नकोत. ‘तुमचं चांगलं झालेलं काम सांगा’ या प्रश्नाला त्या दिवसांत वेगळाच वास येतो. वेळ कामाचीच हवी, पाळी सुटल्यानंतरची नको. सकाळची पाळी दोनला सुटते आणि साखळी-डिचोलीकडच्या माणसांचा अर्धा जीव बसमध्ये असतो. पाऊण तास धरा, आणि तेवढा वेळ लाइनवर बदली कोण उभं राहणार ते आदल्या दिवशीच लिहून ठेवा.

जागेचं मी जरा ठासून सांगते. केबिन नको. पूर्वी मी जिथे कामाला होते तिथे अशी पहिली मुलाखत मी केबिनमध्ये घेतली, दार लावून, समोर फाइल ठेवून. बाईंनी दोन उत्तरं दिली आणि मग विचारलं, “मॅडम, मला काढताय का?” केबिनमध्ये मेमो मिळतो हे तिला ठाऊक होतं, मला सुचलं नव्हतं. साडेदहाचा चहा उरकला की कॅन्टीनचा खिडकीकडचा कोपरा रिकामा असतो. तिथे समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याशी बसा. बोलावतानाच कारण सांगा: कशासाठी विचारतोय, लिहिलेलं कोण वाचणार, नाव लागणार की नाही. आपल्याकडे नाव लागणार नाही.

प्रश्न मी मराठीत लिहून देतेय, पण ते वाचून दाखवू नका. समोरचा कोंकणीत बोलणार असेल तर प्रश्नही कोंकणीतच यायला हवा. बिहार-ओडिशातून आलेल्या मुलांना हिंदीत विचारा. ‘आपली बलस्थानं कोणती’ हे वाक्य तर घरीच ठेवून या. “तुमकां खंयचें काम बरें जमता?” (तुम्हाला कुठलं काम चांगलं जमतं?) एवढं पुरतं. खरं तर हेही लगेच विचारू नका, कारण आपल्याकडे या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर “कितें जमतलें, करतां आपलें” (काय जमणार, करतो आपलं) हे आहे. स्वतःची वाखाणणी करणं आपल्या लोकांना जड जातं.

म्हणून सुरुवात एखाद्या दिवसापासून करा. “इथे आल्यापासून असा एखादा दिवस आठवतो का, की घरी जाताना वाटलं, आज काम मस्त झालं?” मग गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा, पेनाशी चाळा नको. दिवस सापडला की त्यातच राहा: पाऊस होता का, कोण कोण होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, रोजच्यापेक्षा काय वेगळं होतं.

आमच्या फोर्कलिफ्टवर सत्तरी तालुक्यातले एक काका आहेत. आधी खाणीवर टिपर चालवायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि मग ते इकडे आले. काय चांगलं जमतं विचारलं तर “कांयच ना” म्हणाले. दिवस विचारला तेव्हा जुलैतली एक सकाळ निघाली: गेटजवळ पाणी तुंबलेलं, कंटेनर वेळेत भरायचा होता, आणि एकही पॅलेट भिजलं नाही. कसं काय? तर गाडी सुरू करण्याआधी ब्रेक, टायर, फोर्क बघायची आणि रस्ता एकदा पायी चालून यायची खाणीवरची सवय त्यांनी सोडलेली नाही. ही पाच मिनिटं आमच्या कुठल्याच कागदावर नव्हती.

दिवसाची गोष्ट झाली की पुढचे प्रश्न सोपे जातात. त्या दिवशी तुमचं काय कामी आलं? अडला तर विचारा, “तुमच्याबरोबर पाळीला असतो त्याला विचारलं तर तो तुमच्याबद्दल काय सांगेल?” नवी लाइन आली तरी काय बदलू नये? आणि शेवटी, तीन गोष्टी मागायला मिळाल्या तर कोणत्या मागाल? पहिली पगार असणार. हसून उडवू नका, लिहा, आणि उरलेल्या दोन विचारा.

ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डेव्हिड कूपररायडर हा संशोधक विद्यार्थी 1980 च्या सुमारास क्लीव्हलंड क्लिनिक या मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास करत होता. काय बिघडलंय ते शोधायला गेलेला, पण तिथलं सहकार्य बघून चकित झाला. मार्गदर्शक सुरेश श्रीवास्तव यांनी तोच धागा धरायला सांगितलं, आणि 1987 मध्ये दोघांचा लेख आला. ‘ॲप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी’ हे या पद्धतीचं नाव. कामगारांसमोर ते नाव घेऊ नका, कृपा करा.

तक्रार येणारच, तिची तयारी हवी. “आपण आज चांगल्याबद्दल बोलतोय” असं म्हणून माणसाचं तोंड बंद केलंत तर सगळी मेहनत पाण्यात. याच विषयात काम केलेले कॅनडातले जर्व्हास बुश हेच बजावत आले आहेत, की नुसतं गोड ऐकणं हा हेतू नाही. तक्रार पूर्ण ऐका, मग विचारा, “हे असं झालं नाही असा दिवस कधी आला होता का? तेव्हा काय होतं?” उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर तक्रार तशीच लिहा. मशीनचं गार्ड नसणं, वायर उघडी असणं असलं काही कानावर आलं तर मात्र तिथे चांगला दिवस वगैरे शोधत बसू नका. त्याच पाळीत सेफ्टी ऑफिसरला कळवा.

लिहिताना त्यांचे शब्द जसेच्या तसे. “गाडयेक कान दिवंक जाय” (गाडीकडे कान द्यायला हवा) याचं ‘उपकरण-देखभालीबाबत जागरूकता’ केलंत की ते वाक्य मेलं.

आणि या कागदांवरून बढती ठरवायची नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवलं, की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसाला एका गुणात वर चढवतात तेव्हा बाकीच्या गुणांतही वर चढवतात. आपले सुपरवायझर काही निराळे नाहीत, मीही नाही. भरतीसाठी असेच प्रश्न वापरायचे असतील तर सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे वेगळे गुण. त्याची यादी वेगळी करू.

शनिवारी अडीचला ट्रेनिंग रूममध्ये जोडीजोडीने सराव आहे. एकमेकांना पहिला प्रश्न विचारून बघायचा, फोन दाराशी टोपलीत. स्वतःचा चांगला दिवस आधीच आठवून या, ऐन वेळी सुचत नाही. पातळ भाजी आणि पाव कॅन्टीनला सांगून ठेवलाय.