मियाटाचं आयडलिंग बिघडलंय? तो स्क्रू आधी फिरवू नका

पन्नाशीपुढच्या कुणाही मराठी माणसासमोर फडफडणारं इंजिन ठेवा, त्याचा हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. पद्मिनी असो की चेतक, कार्बोरेटरचे दोन स्क्रू पाव-पाव आटे फिरवायचे, कान लावायचा, आवाज एका लयीत आला की हात पुसायचे. तीच सवय घेऊन मी न्यू जर्सीत १९९० ची माझदा मियाटा ही छोटी, दोन सीटची गाडी घेतली. सवयीपायी पहिले दोन महिने वाया गेले. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

गाडीत १.६ लिटरचं चार सिलिंडरी इंजिन आहे आणि किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग, म्हणजे पेडलवर पाय नसताना इंजिन फिरण्याचा वेग, ८५० आरपीएम (मिनिटाला फेरे) हवं, ५० इकडे किंवा तिकडे. पेडल दाबल्यावर उघडणारी हवेची झडप ज्यात असते त्या थ्रॉटल बॉडीवर रबरी टोपीखाली एक जाडजूड स्क्रू दडलेला असतो. बंद झडपेला वळसा घालून जाणारी हवा तो कमी-जास्त करतो, एवढंच. हवा-पेट्रोलचं मिक्श्चर त्याच्या हातात नाही. त्यामुळे कुठे हवा गळत असेल, प्लगची वायर मेली असेल, तर स्क्रू फिरवून आरपीएम वर येईल आणि दुखणं तसंच राहील.

कधीकधी नवीन दुखणंही लागतं. माझी गाडी सिग्नलला उभी राहिली की काटा १,५०० पर्यंत चढायचा, धाडकन खाली यायचा, पुन्हा चढायचा. मला वाटलं, कॉम्प्युटर गेला. प्रत्यक्षात मीच स्क्रू इतका उघडला होता की पेडलवर पाय नसताना इंजिन जोरात फिरत होतं. कॉम्प्युटरची समजूत अशी की गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडायचा. काटा पडला की घाबरून पुन्हा द्यायचा. कूलंट कमी असलं तरी असा खेळ होतो. थ्रॉटल बॉडीखालच्या आयडल व्हॉल्व्हमध्ये एक मेणाची झडप आहे, तिला गरम कूलंट पोचलं नाही तर ती ‘इंजिन अजून थंड आहे’ असं धरून जास्तीची हवा सोडत राहते. म्हणून पहिलं काम फुकटातलं: इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघा.

गळती शोधताना होणाऱ्या चुका

१९९३ पर्यंतच्या १.६ मध्ये हवा मोजायला दारासारखी झडप असलेला मीटर आहे. त्या मीटरनंतर, इंजिनाच्या बाजूला, कुठूनही आत शिरलेली हवा मोजली जात नाही, आणि पेट्रोल तेवढं कमी पडतं. हे ‘कुठूनही’ फार लांबवर जातं. ऑइलचं झाकण सैल राहिलं, डिपस्टिक नीट बसली नाही, इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची रबरी चकती कडक झाली, तरी आयडलिंग बिघडतं. एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. धडधाकट इंजिन लगेच अडखळतं. काहीच फरक पडला नाही, तर आधीच कुठेतरी मोठं भोक आहे.

माझं भोक सापडायला दोन शनिवार लागले. मीटरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत इंजिनाच्या पुढून आडवी जाणारी जी पन्हाळीदार रबरी नळी आहे, ती वरून चकाचक दिसत होती. शेवटी क्लिपा सोडून नळी बाहेर काढली, दोन्ही हातांनी उलटी वाकवली, तेव्हा खालच्या बाजूच्या एका घडीत बोटभर लांबीची चीर ओठ उघडावेत तशी उघडली. हात सोडला की बंद. नळी जागेवर असताना ती कुणाला दिसणार? तेव्हा नळी बघायची तर काढून, वाकवून बघा. तिथे चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नका, तेलाच्या वाफेने ती आठवड्यात सुटते.

गळती शोधायला चालू इंजिनावर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा पेट घेणारा फवारा) मारायचा सल्ला सगळेच देतात. शेजारी तापलेला एक्झॉस्ट आणि ३० वर्षं जुन्या प्लगच्या वायरी आहेत, हे विसरू नका. साबणाचं पाणी वापरा, वेळ जास्त लागेल पण भुवया शाबूत राहतील. आणि त्या हवेच्या मीटरचं काळं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचं दातेरी चाक सरकवणारे महाभाग असतात. त्यांच्याकडून गाडी विकत घेऊ नका.

‘प्लग नवीन टाकले’ म्हणजे सगळं झालं नाही

प्लगपेक्षा त्यांच्या वायरी लवकर मरतात. ठिणगीसाठी वीज पुरवणारे कॉइल इंजिनाच्या मागे, केबिनलगतच्या पत्र्याजवळ (फायरवॉल), भट्टीतच बसवलेत. अंधारात बोनेट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचल्या तर निदान झालं. प्लगचा गॅप १.१ मिमी.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे बघायला जुने मेकॅनिक चालू इंजिनाची वायर उपटतात. इथे तसं करू नका. झटका बसतो तो वेगळाच, शिवाय ठिणगीला वाट नसेल तर कॉइलवर ताण येतो. इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढा. ज्याने आरपीएम पडत नाही तो सिलिंडर झोपलेला. एकच झोपला असेल तर प्लग, वायर किंवा इंजेक्टर. पण १ आणि ४ किंवा २ आणि ३ अशी जोडी झोपली असेल तर संशय थेट कॉइलवर घ्या, कारण एक कॉइल दोन सिलिंडर सांभाळतं.

एक गंमत सांगतो. एका मित्राची गाडी उभी असताना आरसा थरथरायचा म्हणून त्याने प्लग, वायरी, इंजेक्टर सगळं बदललं. काटा मात्र ८५० वर खिळ्यासारखा उभा! इंजिन ठीकच होतं, खालचे रबरी माउंट दगड झाले होते. काटा हलतो की फक्त सीट हलते, हे आधी बघा.

टायमिंग

इग्निशनचं टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते, १० अंश. बोनेटखालच्या डायग्नोसिस डबीत ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा घातल्याशिवाय ते तपासू नका. नाहीतर कॉम्प्युटर स्वतः टायमिंग मागेपुढे करत असतो आणि तुम्ही हलत्या खुणेचा पाठलाग करत बसता. टायमिंग फिरवायचं ते इंजिनाच्या मागच्या टोकाला असलेला कॅम अँगल सेन्सर वळवून, १२ चा पाना लागतो.

१९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांबाबत मात्र सावध राहा. त्यांच्या क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे, त्यावरची पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजते. टायमिंग पुढे घेतलं की गाडीत जीव येतो, काही आठवड्यांनी पुन्हा मरगळते, आपण पुन्हा पुढे घेतो. पुलीच सरकली असेल तर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीवरची जी खूण दाखवतो तिच्यावरही भरवसा नाही. पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर नंतरचं मजबूत. इंजिन चालू असताना पुली डगमगत असेल तर गाडी चालवणं थांबवा आणि क्रँकच्या टोकाचा, पुली धरणारा बोल्ट उघडून बघा.

आणि आता तो स्क्रू

हे सगळं झाल्यावरच. इंजिन गरम, एसी आणि दिवे बंद, डबीतली वायर जागेवर. मध्येच रेडिएटरचा पंखा सुरू झाला तर तो थांबेपर्यंत हात बाजूला ठेवा. काट्याकडे बघत स्क्रू अगदी थोडा फिरवा, ८५० वर आणा. शेजारी थ्रॉटलच्या झडपेला टेकणारा दुसरा बारीक स्क्रू दिसेल, तो कारखान्यात बसवलेला आहे. त्याला छेडलंत तर ‘पाय पेडलवर नाही’ हे कॉम्प्युटरला सांगणारा स्विच चुकीच्या क्षणी मिटतो, मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन अख्खी संध्याकाळ जाते.

वायरचा तुकडा काढा, रबरी टोपी परत बसवा, आणि बोनेटमध्ये दडणारे हेडलाइट वर करून दिवे लावा. काटा किंचित दबून एका क्षणात सावरला पाहिजे. दबून तिथेच राहिला तर आयडल व्हॉल्व्ह काढून साफ करा. कूलंट सांडेल, खाली परात ठेवा.