ला क्विंटात आर्नल्ड पामर पाहायचा असेल तर

कॅलिफोर्नियातल्या ला क्विंटाला पहिल्यांदा जाणारे गोल्फवेडे पीजीए वेस्ट या गोल्फ रिसॉर्टच्या स्टेडियम कोर्सवरच धडकतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आधी सिल्व्हररॉकला जा. हा कोर्स अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू आर्नल्ड पामर याने आखलेला, २००५ साली खुला झालेला आणि शहराच्या मालकीचा. पैसे भरून कुणीही खेळावं. पामरचे वडील पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोबच्या क्लबात हिरवळ राखायचे आणि पोराला सभासदांच्या पोरांसारखं मनाला येईल तेव्हा कोर्सवर उतरता येत नसे. हे माहीत असलं, की त्याने आखलेल्या सार्वजनिक कोर्सवर पहिला चेंडू मारताना छाती भरून येते. माझी तरी येते.

जायचं जानेवारी ते एप्रिल. ऑक्टोबरच्या आसपास जाणार असाल तर आधी फोन करा. तेव्हा उन्हाळ्यातलं बर्म्युडा गवत खरवडून हिवाळ्यासाठी रायग्रास पेरतात, आणि कोर्स काही आठवडे बंद असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. खेळायचंच असेल तर पहाटेची वेळ घ्या.

आता ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सांता रोसाचे डोंगर इतके अंगावर आलेले असतात, की ग्रीनचा उतार असतो एकीकडे आणि दिसतो भलतीकडेच. स्थानिक मंडळी एकच सांगतात: चेंडू शेजारच्या इंडिओ शहराकडे वळतो. म्हणून पट करण्याआधी, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच ढकलण्याआधी, चेंडूच्या मागे उभं राहून डोंगर कुठे आहे आणि इंडिओ कुठल्या बाजूला, एवढं पाहून घ्या. डोंगराकडे मारताना थोडा जोर वाढवा, डोंगरापासून दूर मारताना हात आखडता घ्या. शंका आलीच तर इंडिओचं ऐका.

या कोचेला खोऱ्यातली व्यावसायिक गोल्फ स्पर्धा पामरने पाच वेळा जिंकली: १९६०, १९६२, १९६८, १९७१ आणि १९७३. पहिलीच स्पर्धा त्याची, आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतला शेवटचा, बासष्टावा विजयही इथलाच, जॅक निकलॉस आणि जॉनी मिलर या गोल्फपटूंना मागे टाकून. तेव्हा ही स्पर्धा पाच दिवस चालायची आणि व्यावसायिकांबरोबर हौशी खेळाडूही उतरायचे. विनोदी अभिनेता बॉब होपचं नाव तिला १९६५ मध्ये लागलं. आता ती ‘द अमेरिकन एक्स्प्रेस’ नावाने जानेवारीत होते. प्रेक्षक म्हणून जायचं तर तोच आठवडा गाठा, पण राहण्याची सोय खूप आधी करा.

पीजीए वेस्टवर पामरच्या नावाचा कोर्स आहे, तो खासगी. सभासद ओळखीचा असेल तर अठराव्या होलवर जरूर उभे राहा. १९९९ मध्ये याच स्पर्धेत गोल्फपटू डेव्हिड डुवलने इथे ईगल मारून (ठरलेल्यापेक्षा दोन फटके कमी घेऊन) अठरा होलांची फेरी अवघ्या ५९ फटक्यांत पूर्ण केली होती. पामरचं घर ट्रॅडिशन क्लबात होतं. तोही खासगी, फाटकापर्यंत जाण्यातही अर्थ नाही.

खेळ झाल्यावर कुठल्याही क्लबहाउसात ‘आर्नल्ड पामर’ मागा. बहुतेक ठिकाणी आइस टी आणि लेमनेड निम्मं-निम्मं देतात. पामरला स्वतःला चहा जास्त आणि लेमनेड जरासंच लागायचं. तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा: चहा जास्त, लेमनेड कमी.