लिनक्स लॅपटॉपचा आवाज गेलाय? या चुका टाळा

लॅपटॉप मुका झाला की अनेक जण सरळ लिनक्स पुन्हा टाकायला बसतात. कृपया तसं करू नका. आवाज कुठे अडलाय ते आधी शोधा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे जुन्या लेखातल्या आज्ञा उतरवून पल्सऑडिओ (आवाज हाताळणारा जुना प्रोग्राम) काढणं आणि परत बसवणं. लिनक्सच्या फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) या आवृत्त्यांपासून आवाजाचं काम पाइपवायर या नव्या प्रोग्रामकडे आहे. त्यावर पल्सऑडिओ लादला की एकाच साउंड कार्डासाठी दोघांची ओढाताण होते आणि किरकोळ बिघाड चिघळतो. त्यापेक्षा पाइपवायर आणि त्याचा जोडीदार वायरप्लंबर या सेवा रिस्टार्ट करा, तेही सुडो (रूट म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) न लावता. त्या तुमच्या लॉगिनसोबत चालतात, रूटच्या नाही.

त्याआधी सेटिंग्जमधलं आउटपुट मात्र बघाच. चवथीला आरत्या लावायला लॅपटॉप टीव्हीला जोडला असेल, तर एचडीएमआयच निवडलेलं राहिलं असेल. यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर गोष्ट वेगळी: सिस्टमला कार्डच सापडलेलं नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर बऱ्याचदा साउंड ओपन फर्मवेअरचं (साउंड चिपला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज नसल्याने असं होतं. ते बसवा आणि मशीन रिस्टार्ट करा.

कार्ड दिसतंय, तरी आवाज नाही? टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (आवाजाची पातळी आणि म्यूट दाखवणारा प्रोग्राम) उघडा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा. मास्टर किंवा स्पीकरखाली ‘एमएम’ दिसलं तर तो म्यूट आहे. एम दाबला की सुटतो. डेस्कटॉपवरची पट्टी शंभरावर असली तरी इथे म्यूट असू शकतं, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नका.

आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक शक्यता मी नेहमी तपासायला सांगतो. दमट हवेत हेडफोनच्या जॅकमध्ये ओल किंवा गंज धरला, तर हेडफोन लावलाच आहे असं लॅपटॉपला वाटतं आणि स्पीकर बंद राहतात. लॅपटॉप बंद करून कोरडी पिन तीन-चारदा आत-बाहेर करा. तेल किंवा पाणी अजिबात घालू नका. तेवढ्याने भागलं नाही तर अल्सामिक्सरमधला ऑटो-म्यूट बंद करून पाहा. हा पर्याय प्रत्येक कार्डाला नसतो.

सोबत विंडोज असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा. नाहीतर काही लॅपटॉपवर साउंड चिप अर्धवट अवस्थेत अडकून राहते. एवढं करूनही आवाज आला नाही, तर लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून) दुसरं लिनक्स चालवून बघा. तिथे आवाज आला, तर स्पीकर शाबूत आहे आणि दुरुस्तीच्या दुकानात जायची गरज नाही.