छाटणीच्या धामधुमीतही व्हिडिओ नियमित ठेवण्यासाठी

नाशिक परिसरातील अनेक द्राक्षबागायतदार फेसबुकवर स्वतःची ओळख उभी करू पाहतात, पण ऑक्टोबर छाटणी (फळांसाठी वेलीच्या काड्या कापण्याचे काम) सुरू झाली की त्यांचे पेज ओस पडते.

यावर उपाय असा की, लोक फोनवर जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत आणि छाटणीपूर्वीच्या एखाद्या निवांत सकाळी प्रत्येकी मिनिटभराची आठ उत्तरे सलग चित्रित करावीत. ‘काडीवर किती डोळे ठेवायचे?’ (डोळा म्हणजे काडीवरची फूट येण्याची जागा) असा प्रश्न असल्यास कात्री आणि काडी अगदी जवळून दाखवावी. चेहऱ्यापेक्षा हात दिसणे मोलाचे असते. मग मेटा बिझनेस सूट या फेसबुक पेज सांभाळण्याच्या साधनातील ‘शेड्यूल’ पर्यायाने दर बुधवारी एक व्हिडिओ लावून ठेवावा; एका वेळी साधारण महिनाभरापुढचेच लावता येतात, म्हणून उरलेले नंतर लावावेत, म्हणजे दोन महिन्यांची सोय होते.

फवारणीचा सल्ला मात्र असा आगाऊ लावू नये, कारण मध्येच अवकाळी पाऊस झाला तर तोच सल्ला दुसऱ्याच्या बागेचे नुकसान करू शकतो.