ताफ्यातल्या सगळ्या गाड्यांचे व्हीएचएफ सेट एकाच यादीवर कसे आणावेत

कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात शिरलं की मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरता येत नाही. जांबोटीच्या आतल्या वाटा असोत किंवा चंदगड ओलांडून तिलारीकडं उतरणारा रस्ता, गत तीच. म्हणून पावसाळ्यात थार, जिप्सी, जिम्नी घेऊन चिखलात उतरणारे बेळगाव-खानापूरकडचे बरेच जण व्हीएचएफ, म्हणजे अति उच्च वारंवारतेच्या लहरींवर चालणाऱ्या, वायरलेस सेटची चौकशी करतात. सेट येतात, जो तो आपापल्या परीनं बटणं दाबतो, आणि ऐन घाटात कळतं की पुढच्या गाडीचा तीन नंबरचा चॅनेल वेगळा आणि मागच्या गाडीचा वेगळा. सेट प्रोग्राम करणं तसं अवघड नाही. सगळ्यांनी मिळून एक यादी ठरवणं आणि तीच यादी प्रत्येक सेटमध्ये भरणं हे खरं काम. त्यातली निम्मी मेहनत कागदावरच होते.

आधी लायसन्स

व्हीएचएफवर बोलायला आपल्याकडं लायसन्स लागतं. गाड्यांच्या हौशी मंडळींना जमण्यासारखा रस्ता म्हणजे हौशी रेडिओचं, म्हणजे हॅमचं लायसन्स. भारतात हॅम मंडळींना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळालेला आहे. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेमार्फत परीक्षा होते आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर भरतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम एवढाच अभ्यास, बारावी विज्ञान झालेल्याला तो जड जाऊ नये. पास झाल्यावर व्हीयू३ ने सुरू होणारा कॉल साइन, म्हणजे हवेतली तुमची ओळख, मिळतो, जनरल ग्रेडला व्हीयू२. लायसन्स केंद्राचं असल्यामुळं कर्नाटकातून महाराष्ट्रात किंवा गोव्यात उतरलं तरी तेच चालतं. आपल्या सीमाभागात असा कागद दुर्मीळच म्हणायचा! मात्र चालत्या गाडीतून आणि घराच्या पत्त्याबाहेरून बोलण्याबद्दल लायसन्समध्ये काय अटी आहेत त्या नीट वाचा, आणि त्याची प्रत गाडीत ठेवा. बेळगाव लष्कराचं गाव आहे, सांबऱ्याला हवाई दल आहे. नाक्यावर हातात वॉकीटॉकी दिसली की विचारणा होणारच.

माईक ज्याच्या हातात, लायसन्स त्याच्या नावावर असायला हवं. शेजारी बसलेल्या भावजींनी हौसेनं बोलून चालत नाही. धंद्याचं बोलणं आणि सांकेतिक भाषा हॅमवर चालत नाही, म्हणजे पैसे घेऊन पर्यटक फिरवणाऱ्यांनी हा रस्ता धरू नये.

परीक्षा नकोच असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे, अंगचाच अँटेना असलेले हातातले सेट लायसन्सशिवाय वापरता येतात. ते यूएचएफ, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यातले आहेत, पल्ला थोडका, पण एकामागोमाग चालणाऱ्या चार गाड्यांना पुरतात. 'लायसन्स लागत नाही' असं सांगून दुकानदार वाटेल तो सेट गळ्यात मारतात, तेव्हा पट्टा आणि ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मिळालेली सरकारी मान्यता) दोन्ही पाहून घ्या. ऑनलाइन विक्रीत हा गोंधळ इतका वाढला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. इथून पुढचं सगळं लायसन्सधारक हॅम मंडळींसाठी आहे.

कागदावरची यादी

सेटमध्ये १२८ चॅनेल बसतात म्हणून १२८ भरायची गरज नाही. सहा पुरेत. गाडी हेलकावे खात असताना नेमका चॅनेल सापडायचा तर यादी आखूडच हवी.

पहिले दोन चॅनेल ताफ्याचे. ते सिम्प्लेक्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं. उदाहरणादाखल १४५.४०० आणि १४५.४५० धरा. ठरवण्याआधी बेळगाव, कोल्हापूर आणि गोव्याकडच्या हॅम मंडळींना विचारा की तिथं आधीपासून कोणी बसतं का. १४५.८०० ते १४६.००० हा तुकडा उपग्रहांसाठी आहे, तिथं ताफा नेऊ नका. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० वरच खाली येतो. पट्ट्याची अगदी खालची बाजूही सोडा, तिथं मोर्स आणि क्षीण सिग्नलवर काम करणारे असतात.

तिसरा आणि चौथा चॅनेल जवळच्या रिपीटरचे. रिपीटर उंचावर बसलेला असतो, एका फ्रिक्वेन्सीवर तुमचा आवाज घेतो आणि दुसरीवर फेकतो. दोन मीटर पट्ट्यात (लहरीच्या लांबीवरून १४४-१४६ मेगाहर्ट्झचंच हे नाव) हा फरक बहुधा ६०० किलोहर्ट्झचा, उणे बाजूचा असतो. शिवाय बऱ्याच रिपीटरना टोन लागतो, म्हणजे आवाजाखाली दडलेला ८८.५ हर्ट्झसारखा बारीक सूर. तो नसेल तर रिपीटर दार उघडत नाही. फ्रिक्वेन्सी आणि टोन तो रिपीटर चालवणाऱ्यांकडूनच घ्या. इंटरनेटवरच्या याद्या जुन्या झालेल्या असतात.

पाचवा राखीव, पहिल्या दोनवर दुसऱ्यांचं बोलणं सुरू असेल तर. सहावा नुसता ऐकायचा, स्थानिक हॅम जिथं गप्पा मारतात तो.

ताफ्याच्या चॅनेलवर टोन लावावा का, यावर वाद होतो. माझं मत: लावू नये. विक्रेते त्याला प्रायव्हसी कोड म्हणतात, पण त्यानं काहीच खासगी होत नाही. तुम्हाला इतरांचं ऐकू येत नाही एवढंच, आणि मग तुम्ही दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलता. शिवाय एका गाडीचा टोन चुकला की ती गाडी मुकी ठरते आणि कारण सापडत नाही. खरखर येत असेल तर स्क्वेल्च, म्हणजे खरखर अडवणारी पातळी, एक-दोन घरं वाढवा.

आणखी एक गोष्ट आधी ठरवा: वाइड की नॅरो. वाइडमध्ये आवाजानं फ्रिक्वेन्सी ५ किलोहर्ट्झपर्यंत हलते, नॅरोमध्ये २.५. एक सेट वाइड आणि दुसरा नॅरो असला तर एकाचा आवाज बारीक येतो, दुसऱ्याचा फाटका. रिपीटर वाइड असेल तर सगळंच वाइड ठेवा.

केबल आणि चर्प

हातातल्या सेटसाठी दोन पिनांची प्रोग्रामिंग केबल मिळते. सगळी डोकेदुखी तिच्यातच असते. स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा जुनी किंवा नकली प्रोलिफिक चिप असते, विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला दाद देत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतं. थोडे पैसे जास्त मोजून एफटीडीआय चिपची घ्या. ताफ्यात एक केबल पुरते.

सेट प्रोग्राम करायचं चर्प (CHIRP) हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा. सेट बंद करा, केबल खटकन बसेपर्यंत दाबा (अर्धवट बसलेली केबल हे अपयशाचं पहिलं कारण), मग सेट चालू करून आवाज मध्यावर आणा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर पाहून ठेवा. चर्पमध्ये 'डाउनलोड फ्रॉम रेडिओ' निवडा, पोर्ट, कंपनी आणि मॉडेल द्या.

सेटमध्ये काही भरण्याआधी त्यात जे आहे ते वाचायचं, आणि आलेली फाईल 'मूळ' म्हणून जपून ठेवायची. पुढं काहीही बिघडलं तरी ती परत घालता येते. हे टाळणारा माणूस पुढं रडतो.

मग तक्ता भरा. ताफ्याच्या ओळीत फ्रिक्वेन्सी, नाव, मोड एफएम (नॅरो हवं असेल तर एनएफएम). ड्युप्लेक्सचा (बोलायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी करणारा) रकाना रिकामा. रिपीटरच्या ओळीत फ्रिक्वेन्सी म्हणजे तुम्ही ऐकता ती, ड्युप्लेक्समध्ये उणे चिन्ह, ऑफसेट ०.६ (म्हणजे ६०० किलोहर्ट्झ), टोन मोडमध्ये 'टोन', आणि पुढच्या रकान्यात त्याचा आकडा. 'टीएसक्यूएल' निवडलं तर ऐकतानाही टोन मागितला जातो, त्याची गरज नाही. सहाव्या ओळीत ड्युप्लेक्सला 'ऑफ' द्या. मग त्या चॅनेलवर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं तरी सेट बोलत नाही.

नावं रोमन लिपीतच द्यावी लागतात, पडद्यावर देवनागरी उमटत नाही. बाओफेंग यूव्ही-५आर सारख्या सेटमध्ये सात अक्षरं बसतात. पण बोलताना नाव घेऊ नका, 'दोनवर या' म्हणा. घाटात इंजिनाच्या आवाजात आकडाच कळतो.

आता सेटिंगचं पान उघडा. बरीच माणसं इथं फिरकतच नाहीत, आणि ताफ्याचा त्रास नेमका इथं दडलेला असतो. बॅटरी सेव्ह बंद करा, नाहीतर समोरच्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं आणि 'थांबू नका' मधलं काय ऐकू येईल ते सांगता येत नाही. ड्युअल वॉच बंद करा, कारण दोन ओळी ऐकणारा सेट उत्तर देताना भलत्याच ओळीवर बोलू शकतो. टाइम-आउट ६० सेकंदांवर ठेवा: सीटखाली दबलेली पीटीटी सगळ्या ताफ्याचा आवाज बंद पाडते. बीप आणि रॉजरचा (बोलणं संपल्यावर वाजणारा) सूर काढून टाका. व्हॉक्स, म्हणजे आवाजावर आपोआप सुरू होणं, उघड्या जिप्सीत कधीच लावू नका. चर्पमध्ये पट्ट्याच्या मर्यादेची सोय दिसत असेल तर व्हीएचएफला खाली १४४ आणि वर १४६ घाला. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये विमानं बोलतात, पोलीस आणि वनखात्याचे वायरलेसही व्हीएचएफवर असतात. चुकून तिथं बोट पडायलाच नको.

सगळं झाल्यावर 'अपलोड टू रेडिओ'. पट्टी पूर्ण भरेपर्यंत केबलला हात लावू नका. सेट स्वतःच पुन्हा चालू होतो.

दुसऱ्या सेटची पाळी आली की पहिल्याची फाईल तशीच ओतायचा मोह होतो. मॉडेल दिसायला सारखं असलं तरी आतलं फर्मवेअर वेगळं असू शकतं. त्या सेटची स्वतःची फाईल आधी वाचा, पहिल्या फाईलमधल्या सहा ओळी तिच्यात चिकटवा, मग भरा. सेटिंगचं पान प्रत्येकासाठी हातानं लावा.

लॅपटॉप नसेल तर

यूव्ही-५आरवर कीपॅडनंही जमतं. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये या, वरच्या ओळीवर थांबा. ज्या चॅनेलमध्ये भरायचं तो मेनू २८ नं पुसा, फ्रिक्वेन्सी घाला, टोन हवा असेल तर मेनू १३, मेनू २७ नं चॅनेलमध्ये साठवा. रिपीटरसाठी बोलायची फ्रिक्वेन्सी घालून पुन्हा मेनू २७ नं त्याच नंबरवर साठवावं लागतं. एक-दोन चॅनेलपुरतं ठीक, सहा सेटचं काम यावर काढू नका.

गाडीतली बसवणी

हातातला सेट गाडीच्या पत्र्याच्या आत बसून बोलला तर निम्मी ताकद तिथंच जाते. बाहेर अँटेना हवाच. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहरीची काडी साधारण ४९ सेंटिमीटर. छपरावर मधोमध लावलेली सर्वांत बरी, पण तिला खाली पत्रा लागतो. कापडी टपाच्या जिप्सीला पत्राच नाही, तिथं बॉनेटच्या कडेला कंस लावा किंवा पत्र्याची गरज नसलेली अर्ध्या लहरीची घ्या. लांब काड्यांना झाडीच्या वाटेवर फांद्या सोडत नाहीत. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडं गेलेली ताकद किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १.५ च्या आत आला तर उत्तम, दोनपर्यंत चालतो. अँटेना न जोडता पीटीटी दाबू नका, आतला ट्रान्झिस्टर जातो.

५० वॅटचा गाडीचा सेट बोलताना दहा अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याची तार थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज लावून घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर भागवू नका. कणकुंबीच्या पावसात सिग्नल फारसा अडत नाही. अडचण करतं ते कोअॅक्सच्या (अँटेनाच्या तारेच्या) कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. रबर टेप घट्ट गुंडाळा.

चाचणी

आधी गावात, गाड्या ओळीनं लावून: प्रत्येक सेट, प्रत्येक चॅनेल, दोन्ही दिशांनी. ऐकू येतं म्हणजे बोलताही येतं असं नाही. रिपीटरच्या चॅनेलवर उलट फ्रिक्वेन्सीचं बटण दाबून समोरचा थेट ऐकू येतो का पाहा. येत असेल तर रिपीटर अडवून न ठेवता सिम्प्लेक्सवर या. जवळजवळ चालताना लो पॉवर पुरे, नाहीतर मागच्या गाडीचा सेट तुमच्याच ताकदीनं बधिर होतो.

मग एक गाडी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढवा आणि बाकीच्या पसरू द्या. सपाटीवर दोन मीटर उंचीच्या दोन अँटेनांची दृष्टिरेषा अकरा-बारा किलोमीटरची. गडावरून ती कितीतरी लांबते. चोर्ल्याच्या वळणांत मात्र एक डोंगर आडवा आला की अर्ध्या किलोमीटरवरचा माणूसही ऐकू येत नाही. तिथं वॅट वाढवून काही होत नाही. मधली गाडी वळणाच्या माथ्यावर थांबवा आणि तिनं पुढचा निरोप मागं, मागचा पुढं सांगावा. ही जबाबदारी कोणाची ते निघतानाच ठरवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालू नका, सेट कितीही चांगला चालत असला तरी.

बोलताना सुरुवातीला आणि शेवटी कॉल साइन द्या. पीटीटी दाबून क्षणभर थांबा, मग बोला. हादऱ्यांत बटणं दबू नयेत म्हणून हॅश दाबून धरून कीपॅड लॉक करा.

सहा चॅनेलची यादी छापून प्रत्येक गाडीच्या सनव्हायझरवर लावा. फाईलच्या नावात तारीख घाला. रिपीटरचा टोन बदलला की एकानंच फाईल दुरुस्त करायची आणि बाकीच्यांनी तीच घ्यायची. केबल आणि लॅपटॉप कोणाच्या गाडीत आहेत तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.