मोठ्या टेक कंपन्यांत लाँग टर्म पैसे लावताय? आधी हे बघून घ्या

मार्च 2000 मध्ये राउटर बनवणारी सिस्को थोडे दिवस मार्केट कॅपने (म्हणजे सगळ्या शेअर्सच्या एकूण किमतीने) जगात एक नंबरला होती. इंटरनेट वाढणार म्हणजे राउटर लागणारच असा साधा हिशोब, आणि तो खरा पण ठरला, पुढे विक्री जवळपास तिप्पट झाली, तरी शेअरला तो भाव परत दिसायला 20 वर्षांहून जास्त गेली! म्हणून नुसतं कंपनी भारी आहे का विचारून थांबू नका, आत्ताच्या भावात पुढची किती वाढ आधीच धरलीय ते बघा. सिस्कोचा पी/ई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागची वर्षाची कमाई) तेव्हा 100 च्या बराच वर होता, एवढ्या भावात सगळं मनासारखं झालं तरी घेणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही.

मग वार्षिक अहवाल उघडा, अमेरिकन कंपनीचा तो 10-के नावाने एसईसीच्या (तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या) साइटवर फुकट मिळतो. अख्खा कोण वाचतंय, पण रिस्क फॅक्टर्स (कंपनीने स्वतः सांगितलेले धोके) आणि कुठल्या धंद्यातून किती पैसा येतो तो तक्ता, एवढं तरी वाचाच. सफारीत, म्हणजे ॲपलच्या ब्राउझरमध्ये, डिफॉल्ट सर्च राहायला गुगलने 2022 मध्ये ॲपलला सुमारे 20 अब्ज डॉलर दिले हे अमेरिकन सरकारने गुगलवर भरलेल्या खटल्यात बाहेर आलं, आणि ऑगस्ट 2024 मध्ये कोर्टाने गुगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली. म्हणजे एकाच खटल्याची टांगती तलवार दोघांच्या कमाईवर, आणि आपण दोन्ही शेअर घेऊन म्हणणार की डायव्हर्सिफाय केलंय, म्हणजे धोका वाटून टाकलाय.

पुढचा राजा कोण ते ओळखत बसायचं नसेल तर सरळ इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या एकत्र घेणारा फंड. चढणाऱ्याचं वजन त्यात आपोआप वाढतं, पडणाऱ्याचं घटतं. नोव्हेंबर 2024 मध्ये डाउ जोन्स या 30 बड्या अमेरिकन कंपन्यांच्या इंडेक्समधून इंटेल गेली, एनव्हिडिया आली, अशी अदलाबदल तुमच्यासाठी इंडेक्सच करतो. फक्त एस अँड पी 500 मध्ये (सुमारे 500 बड्या अमेरिकन कंपन्यांचा इंडेक्स) पहिल्या 10 कंपन्यांचंच वजन एक तृतीयांशाच्या वर गेलंय, त्यावर नॅसडॅक 100 या टेक कंपन्यांचा भरणा असलेल्या इंडेक्सचा फंड घेतला तर बऱ्याचशा त्याच कंपन्या परत. दोन्ही फंडांच्या फॅक्टशीट (कुठल्या कंपनीत किती टक्के ते सांगणारं पत्रक) शेजारी ठेवून एकेका कंपनीची बेरीज मारा.

सुटे शेअर घेणारच असाल तर एकूण गुंतवणुकीतले जास्तीत जास्त किती टक्के एका कंपनीत ते घेतानाच ठरवा. फेसबुकवाल्या मेटाचा शेअर 2022 मध्ये एका वर्षात 60 टक्क्यांहून जास्त आपटला होता, तेवढं आपटलं तरी झोप उडणार नाही एवढाच आकडा धरा. मर्यादा ओलांडली तर लगेच विकायला धावू नका, टॅक्स लागतो, आधी नवीन पैसे दुसरीकडे वळवा, तेवढ्याने नाही भागलं तर मग थोडे विका.